पडायला जागा

ती गोळी एकच मागायची. "एक दे अक्का, दुखायची." मी कात्रीनं स्ट्रिपचा एक कप्पा कापायची, ती काउंटरवर सुट्टे ठेवायची, तांब्यातलं पाणी मागायची आणि तिथंच उभ्या उभ्या गोळी गिळून टाकायची. मग पायरीच्या कडेला पाचेक मिनिटं टेकायची आणि उठून स्टेशनच्या दिशेनं जायची. हे दोन वर्षं चाललं. कधी आठवड्यातून एकदा, कधी रोज.

सोलापुरात रेल्वे स्टेशनजवळ माझं औषधांचं दुकान होतं. १९ वर्षं चालवलं. सुट्टी गोळी नेणारी माणसं तिथं भरपूर. हमाल, रिक्षावाले, विड्या वळणाऱ्या बायका, देवाला निघालेले यात्रेकरू. त्यामुळं ती काही वेगळी वाटली नाही. एकच गोळी म्हणजे पैसे नसतील, असा माझा हिशेब. एकदा मीच म्हटलं, "मावशी, पैशाचं राहू दे. चार घेऊन ठेव, रात्री दुखलं तर?" ती म्हणाली, "ठेवू कुठं?"

त्या वेळी ते उत्तर मला नीट ऐकूच आलं नाही. तिच्या हातात पिशवी असायची, कापडाच्या दुकानाचं नाव छापलेली. चार गोळ्या तिच्यात मावल्या असत्या. पण ती पिशवी रात्री उशाला असते. डोळा लागला की आतलं काय राहील, काय जाईल याचा नेम नाही. पावसात ती भिजते. पोलिसानं काठी आपटून फलाटावरून उठवलं तर कधी तिथंच राहते. हे सगळं मला फार नंतर कळलं.

माझी चूक इथंच लिहून टाकते. दुखण्याच्या ज्या गोळ्या मी तिला देत होते त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायच्या नसतात. रिकाम्या पोटी त्या जठराला जखमा करतात, पाणी कमी पिणाऱ्याच्या किडनीवर घाला घालतात. हे मी शिकले होते, परीक्षेत लिहून पास झाले होते. तरी दोन वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही की, बाई, दुखतंय कुठं? ती लपवणारी नव्हती. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तिची गोष्ट तिला विचारून लिहिते आहे. नाव मात्र लिहू नको म्हणाली. मी तिला मावशी म्हणते, ती मला अक्का. आमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळं अक्का म्हणायला नातं लागत नाही.

मावशीचं गाव विजापूरकडचं. लहानपणी गळ्यात मोती बांधले, म्हणजे यल्लम्माला सोडली, देवदासी केली. ही चाल बंद करणारा कायदा त्या भागात १९३४ सालीच झाला होता. तिच्या गळ्यात मोती बांधणाऱ्यांपर्यंत तो पन्नास वर्षांतही पोचला नव्हता. पुढं मिरज, मग सोलापूर, तरटी नाका, म्हणजे इथली धंद्याची वस्ती. मी इथं धंदा हाच शब्द वापरते, कारण ती तोच वापरते. एकदा वर्तमानपत्रातली एक बातमी मी तिला वाचून दाखवली, तिच्यात 'देहविक्रय' असा शब्द होता. तिनं अर्थ विचारला. मी सांगितला. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "विकलं असतं तर आता माझ्याजवळ राहिलं नसतं की गं. हे बग, दुखायलंय अजून."

धंद्यात होती तेव्हाच्या तब्येतीबद्दल ती जे सांगते ते ऐकून मला आधी आश्चर्यच वाटलं. तेव्हा तिच्या तब्येतीची चौकशी नियमानं व्हायची. एड्सच्या साथीनंतर १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको उभी राहिली आणि पुढं धंद्यातल्या बायांसाठी वस्तीवस्तीत प्रकल्प आले. बायांमधलीच एक जण पीअर म्हणून नेमलेली असायची. ती दारात यायची, निरोधची पाकिटं मोजून द्यायची, तपासणीला हाताला धरून न्यायची. ठरावीक महिन्यांनी तपासणी, सहा महिन्यांनी रक्त. अंगावरून पांढरं जात असलं तर औषधाचं हिरवं पाकीट, ओटीपोटात कळा असल्या तर पिवळं. मावशीला अक्षर वाचता येत नाही, पण पाकिटांचे रंग तिला अजून पाठ आहेत. हे काम फार मोलाचं होतं आणि आहे. ते झालं नसतं तर तिच्या बरोबरीच्या कितीतरी जणी आज नसत्या.

तिचा एचआयव्हीचा रिपोर्ट काय आला होता ते मी लिहिणार नाही. २०१७ च्या कायद्यानं ती तिची खाजगी गोष्ट आहे. पण ही हकिगत मी ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. तिला काय होतंय, याआधी तिच्यापासून कुणाला काय होईल, हे आपल्याला जाणून घ्यायचं असतं. ही सवय जुनी आहे. इंग्रजांनी १८६८ मध्ये अशा बायांची नोंदणी करून सक्तीनं तपासणी करायचा कायदा आणला, तो गोऱ्या शिपायांची तब्येत सांभाळायला. तपासणीत आजार निघाला की बाईला 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडायचे. १८८८ मध्ये तो कायदा गेला. आजचे प्रकल्प तसे नाहीत, तिथं बाईशी माणूस म्हणून बोलणारी माणसं मी पाहिली आहेत. तरी प्रकल्पाच्या यादीत नाव राहायला एक अट राहिलीच आहे: बाई धंद्यात हवी.

मावशीचं वय झालं. गिऱ्हाईक कमी झालं. घरवालीनं, म्हणजे कोठा चालवणारीनं, दोनेक वर्षं तिला धुण्याभांड्याला ठेवलं, मग त्या खोलीत दुसरी मुलगी आली. मावशी पिशवी घेऊन बाहेर पडली. कुणी म्हणेल, बरं झालं, सुटली. मीही तेच म्हटलं असतं. पण त्या एका दिवसात तिचं काय काय सुटलं ते बघा. पडायला जागा गेली. दाराला कडी गेली. मोरी गेली, चूल गेली. पीअर ज्या दारात यायची ते दार गेलं, आणि धंदा नाही म्हणून यादीतलं नावही गेलं. आजवर तिची तब्येत धंद्यानं खाल्ली हे खरंच. पण ती सांभाळणारी जी काही व्यवस्था होती, तीही धंद्यालाच बांधलेली होती.

मग फलाट, एसटी स्टँड, बंद दुकानांच्या पायऱ्या.

रस्त्यावरच्या बाईच्या तब्येतीबद्दल बोलताना आपण आजारांची नावं घेतो. मावशी बोलते ती पाण्याबद्दल. मे महिन्यात सोलापूर ४३-४४ अंशांवर जातं. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायला शौचालयात पैसे लागतात, आणि रात्री जायचं तर अंधारात. म्हणून ती दुपारी चारनंतर पाण्याला तोंड लावायची नाही. लघवीला जळजळ हा तिच्या लेखी आजारच नव्हता, तो उन्हाळा होता. पाळी येत होती त्या काळातले हाल तिनं मला एकाच वाक्यात सांगितले: धुतलेलं फडकं वाळत घालायला दोरी नव्हती. ओलंच वापरायचं. मांड्या सोलवटायच्या, वर खाज, वर वास, आणि वास आला की फलाटावरची इतर कुटुंबंही जवळ झोपू द्यायची नाहीत. कुटुंबांच्या मधे झोपणं हेच तर एकटीचं संरक्षण.

झोप ती दिवसा घ्यायची. सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी, दुपारी, माणसांची ये-जा असताना. रात्री फक्त बसायचं. कारण ती कोण होती हे ओळखणारे पुरुष शहरात अजून आहेत. ते रात्री येतात आणि आता पैसे द्यायचे नाहीत असं धरूनच येतात. "खोलीत होते तवा घरवाली होती, शेजारच्या बाया होत्या. वरडलं तर कोणतरी यायचं." तक्रार द्यायला का गेली नाहीस, हे मी विचारलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात स्पष्ट सांगितलंय की, या व्यवसायातल्या बाईवर अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेसारखी सगळी वैद्यकीय मदत तिला मिळाली पाहिजे, पोलिसांनी तिच्याशी सन्मानानं वागलं पाहिजे. मी तिला हे समजावून सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "रात्रीचं कोण असतंय तिथं?"

आणखी एक गोष्ट मला दुकानात बसून कधीच कळली नसती. ती अधूनमधून आठ-आठ दिवस दिसायची नाही. मला वाटायचं, बरी असेल. ती असायची अक्कलकोटला, पंढरपूरला, तुळजापूरला. गुरुवारी अक्कलकोटचं अन्नछत्र, एकादशीला पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर, संक्रांतीला आपल्याच सोलापूरची गड्ड्याची यात्रा. रस्त्यावरच्या अनेक बायका अशाच फिरतात. जिथं पंगत तिथं पोट आणि गर्दीत रात्रीची सोबत. आता विचार करा, अशा बाईला टीबी झाला तर सहा महिने गोळ्या एकही दिवस न चुकवता घ्यायच्या आहेत. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, असतील तर जन्मभर, रोज. औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. पण दवाखान्याचं कॅलेंडर तारखांचं आणि तिचं तिथींचं. तारीख चुकली की कागदावर शेरा पडतो, 'रुग्ण अनियमित'. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी सरकार पैसे देतं, आधी महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. ते बँक खात्यात जमा होतात. खात्याला आधार लागतं, आधारला पत्ता.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक दिवस ती आली ती हसतच. गोळी मागितली नाही. काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "अक्का, माझी पाळी परत आली बग."

चार-पाच वर्षांपूर्वी बंद झालेली पाळी परत आली होती. तिला वाटलं, अंगात अजून रग आहे. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या तोंडून शब्द फुटेना. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं म्हणजे काय असू शकतं, हे औषधांच्या दुकानात बसणारीला सांगावं लागत नाही. मी पहिल्यांदा विचारलं, "दुखतंय कुठं मावशी?" तिनं ओटीपोटावर हात ठेवला. "हितंच की. तीन-चार वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी तिच्यासोबत गेले.

केसपेपरच्या खिडकीतून पहिला प्रश्न, पत्ता? मी माझा सांगितला. आतून दुसरा, मिस्टर काय करतात? मावशी माझ्याकडं बघायला लागली. तपासणीच्या टेबलावर ती फार सहज झोपली, तिला ती तपासणी सवयीची होती. बाहेर बसलेल्या मला मात्र पडद्याआडून एका तरुण आवाजाचं बोलणं ऐकू आलं, ती आधी काय करायची त्याबद्दलचं. ते इथं लिहून ती जखम पुन्हा उघडत नाही. एवढंच लिहिते की, ते ऐकून ती उठून बसली आणि साडी सारखी करून घरी चल म्हणाली. घरी, असं म्हणाली. मोठ्या डॉक्टरबाईंनी पुढं येऊन तिचा हात धरला, म्हणून ती पुन्हा झोपली. त्या दिवशी त्यांनी हात धरला नसता तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढली नसती, याबद्दल मला शंका नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. स्टेज टू-बी, म्हणजे मुखाबाहेर शेजारच्या भागात पसरलेला.

त्यानंतर मी रात्ररात्र या आजाराबद्दल वाचत बसायची. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो आणि विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. म्हणजे ज्या वर्षांत तिचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं जात होतं, त्याच वर्षांत हे आत वाढत होतं. ते ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. स्वयंपाकातल्या व्हिनेगरसारखं पातळ अॅसिटिक अॅसिड गर्भाशयाच्या मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेली जागा पांढरी दिसते. एचपीव्हीची तपासणी त्याहून खात्रीची.

आणि ही खात्री जगाला कुणी दिली? आपल्या शेजारच्या बायांनी. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आपल्याच जिल्ह्यातलं, सोलापूरपासून सत्तरेक किलोमीटरवर. त्या हॉस्पिटलनं मुंबईच्या टाटा मेमोरियलबरोबर आणि फ्रान्समधल्या कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची तपासणी केली तरी या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात. शेतात राबणाऱ्या, गावातल्या बाया होत्या त्या. घर असलेल्या, दार वाजवलं तर उघडणाऱ्या. मावशी त्या काळात धंद्यात होती, वयही बसत होतं आणि ती होती इतक्या जवळ. तिला ती एक तपासणी कुणी केली नाही. करायला हवी हे कुणाच्या मनात आलं नाही, आणि औषधांच्या दुकानात बसणाऱ्या माझ्याही आलं नाही.

उपचार ठरले. पंचवीस वेळा शेक, म्हणजे रेडिएशन. आठवड्याला पाच दिवस, पाच आठवडे. सोबत दर आठवड्याला एक केमोची सलाइन. शेवटी आतून द्यायचं रेडिएशन वेगळं. यातला एकही दिवस गळता कामा नये. डॉक्टरबाई बोलत होत्या आणि मी मनात मोजत होते: रोज जेवण लागेल, उलट्या होतील, जुलाब होतील तेव्हा हाताशी संडास लागेल, ती जागा स्वच्छ ठेवायला रोज अंघोळ लागेल. फलाटावर यातलं काय होणार? फॉर्मवर एक रकाना होता, 'सोबतच्या नातेवाइकाचे नाव व नाते'. मी 'बहीण' लिहिलं. तिनं विचारलं, काय लिहिलंस, मी सांगितलं. "धाकटी का थोरली?" एवढंच विचारलं तिनं.

नंतर खाट मिळाली, वॉर्डात, भिंतीकडची.

त्या पाच आठवड्यांत तिनं सगळ्यात जास्त काय केलं असेल तर झोपली. मी डबा घेऊन जायची तेव्हा झोपलेली. सिस्टर म्हणायच्या, औषधानं ग्लानी येते. येत असेल. पण मला वाटतं, कैक वर्षांच्या रात्री ती झोपून भरून काढत होती. वॉर्डाला दार होतं, रात्री दिवा होता, संडास दहा पावलांवर होता. रेडिएशनचे हाल होत असताना ती मला म्हणाली की इथं बरं हाय. मला ते ऐकवेना. कॅन्सर झाल्यावर बाईला पहिल्यांदा खाट मिळावी, हे मी अजूनही पचवू शकलेले नाही.

डिस्चार्जच्या दिवशी प्रश्न आला, आता कुठं? शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी सरकारचंच माप आहे, दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. या मापानं किमान नऊ निवारे हवेत आणि त्यात एकट्या बायांसाठी, आजारी बायांसाठी वेगळी सोय हवी. सोलापुरात राहणाऱ्या प्रत्येकानं आपल्या घराजवळचा असा निवारा कुठं आहे हे एकदा स्वतः शोधून बघावं. मला त्या संध्याकाळी तिला न्यायला जागा सापडली नाही. पहिला दीड महिना ती माझ्याकडं राहिली. मागच्या खोलीत. माझ्या घरात यावरून काय काय झालं ते माझ्यापाशी राहू दे. ती स्वतःहूनच गेली, आषाढीला.

कागदांचंही सांगते. संजय गांधी निराधार योजनेत 'वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला' अशी पात्रता आहे, महिना दीड हजार मिळतात. आम्ही अर्ज करायला गेलो तर प्रश्न आला, मुक्त कुणी केलं? कुणीच नाही, वयानं केलं. आधारसाठी न्यायालयाच्या त्याच आदेशात सोय आहे. पत्त्याचा पुरावा नसला तरी नॅकोच्या किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अधिकाऱ्याच्या पत्रावर या बायांना आधार मिळू शकतं, आणि कार्डावरून ती कोण हे कळता कामा नये. पण जिचं नाव यादीतून कधीच गळलंय तिनं ते पत्र आणायचं तर पुन्हा जुन्या ओळखी शोधायला लागतात. मावशीच्या वेळची एक पीअर सापडली. आता म्हातारी झाली आहे, शहराबाहेर राहते. ती काठी टेकत आमच्याबरोबर आली, दोन खेपा. आधार मिळालं. पत्ता माझा.

आता दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं असतं. ती येते. तारीख तिच्या लक्षात राहत नाही, म्हणून मी तिथी काढून सांगते, अमुक एकादशीनंतरचा मंगळवार. डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हापासून त्यांनीही तिच्या कागदावर तारखेशेजारी तिथी लिहायला सुरुवात केली आहे. आजवर तिची एकही खेप चुकलेली नाही.

गेल्या खेपेला आली तेव्हा बारीक झाली होती, पण रिपोर्ट चांगला होता. दवाखान्यातून आल्यावर मी कपाट उघडून तिची फाईल आत ठेवायला लागले, आणि मनात आलं की तिचे कागद तिच्यापाशी असावेत. म्हटलं, "मावशी, प्लास्टिकमध्ये घालून देते, घेऊन जातेस का?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. आभाळ भरून आलं होतं.

"हितंच राहू दे अक्का," ती म्हणाली, "भिजंल."

तिनं गोळ्यांची नवी स्ट्रिप पिशवीतून काढली, दोन गोळ्या फाडून घेतल्या आणि बाकीची फाईलवर ठेवली.